काल्यापर्यंत आवाज मोकळा झाला नाही तर…

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठाआधी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपली दिंडी शंभर वर्षांची झाली. या शंभर वर्षांत पताका कितीदा नव्या आल्या, मृदंगाच्या पुड्या कितीदा बदलल्या, बैलगाड्या गेल्या आणि ट्रक-टँकर आले. एक साधन मात्र तेच आहे, आणि ते बाजारात बदलून मिळत नाही. ते म्हणजे गळा. वीणेची तार तुटली तर दुसरी चढवता येते. गळ्याचं तसं नाही.

आम्ही कान-नाक-घशाच्या दवाखान्यात काम करणारी माणसं. आमच्यात डॉक्टर आहेत, तसे आवाजाचे व्यायाम करून घेणारे वाचा-उपचारतज्ज्ञही आहेत. आषाढी झाली की आवाज बसलेले वारकरी आमच्याकडे येतात. त्यांतले बहुतेक जण आठ-दहा दिवसांत बरे होतात. थोडे असतात, जे उशिरा येतात. आज बोलायचं ते त्या थोड्यांसाठी.

सगळं बोलणं विसरलात तरी चालेल, पण एक हिशेब घरी घेऊन जा. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. मोजून पाहा, साधारण तीन आठवडे होतात. प्रस्थानाच्या दिवशी बसलेला आवाज काल्यापर्यंत मोकळा झाला नाही, तर घरचा काढा बाजूला ठेवायचा आणि घसा आतून पाहणाऱ्या डॉक्टरकडे जायचं. वारी असो की नसो, वर्षाच्या कुठल्याही महिन्यात हाच हिशेब लावायचा. तो का, हे आता सांगतो.

गळ्यात आहे तरी काय

मानेवर पुढच्या बाजूला हात ठेवा आणि ‘म्’ म्हणा. बोटाला जे थरथरल्यासारखं लागतं, ते स्वरयंत्र. पुरुषांच्या मानेवर जो कंठमणी दिसतो तो त्याचाच पुढचा भाग. आत दोन स्वररज्जू असतात. रज्जू म्हणजे दोरी, पण त्या दोऱ्या नाहीत. त्या आहेत दोन मऊ, ओलसर घड्या. पुरुषाच्या पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर लांब, बाईच्या त्याहून आखूड. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या.

श्वास घेताना या घड्या दाराच्या दोन फळ्यांसारख्या उघडतात. बोलताना जवळ येतात, आणि खालून फुप्फुसातली हवा वर आली की एकमेकींवर आपटून थरथरतात. पुरुष साध्या आवाजात बोलतो तेव्हा त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आपटतात, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. तासभर सलग बोललं तर पुरुषाच्या गळ्यात साडेतीन-चार लाख टाळ्या वाजतात. वरच्या पट्टीत चाल म्हणताना हाच आकडा कुठच्या कुठे जातो. आता सकाळचा काकडा, दिवसभरची वाटचाल, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन आणि त्यावर जागर, एवढं सगळं धरा. एवढ्या टाळ्या वाजूनही गळा शाबूत राहतो, याचंच नवल.

आणखी एक गोष्ट. देवाने हे यंत्र आधी बोलण्यासाठी नेमलेलं नाही. त्याचं पहिलं काम राखणदाराचं. घास गिळताना ते श्वासनलिकेचं दार बंद करतं. ते नीट लागलं नाही की ठसका लागतो. म्हणून गळा नुसता गाणाऱ्याचा नसतो, जेवणाऱ्याचा आणि श्वास घेणाऱ्याचाही असतो. पुढे याचा संबंध येणार आहे.

आवाज का बसतो

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सर्दी-पडसं आणि ताण यांची जोडी. स्वररज्जू सुजतात, जड होतात, आणि जड झालेली घडी नीट थरथरत नाही. मृदंगाच्या धुमेला कणीक जास्त लागली की बोल कसा बदलतो, तसंच. ही सूज विश्रांतीने आणि पाण्याने उतरते. ती बहुधा विषाणूंमुळे असते, त्यामुळे दर वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण म्हणजे गाठी. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडतात ना, तसेच ओरडून-ओरडून स्वररज्जूंच्या कडेला पडतात. समोरासमोर, दोन्हीकडे. या गाठी कर्करोगाच्या नसतात, घाबरायचं नाही. शिक्षिका, भजनी मंडळातल्या बायका, भाजी विकणाऱ्या मावश्या आणि सारखी ओरडणारी पोरं यांच्यात त्या जास्त दिसतात. कधी एकाच बाजूला फोडासारखा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. एखादा जोरात ओरडला आणि त्याच क्षणी आवाज गेला, तर स्वररज्जूत रक्त उतरलेलं असू शकतं. तेव्हा तिथल्या तिथे मौन धरायचं आणि दाखवायचं. ती वेळ गात राहण्याची नव्हे.

तिसरं कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, पण लक्षात न येणारं: पित्त. रात्री अकराला कीर्तन संपतं, मग महाप्रसाद, आणि ताटावरून उठलं की मंडपात आडवं. पोटातलं आम्ल झोपेत वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला भाजतं. छातीत जळजळ झालीच पाहिजे असं नाही. सकाळी आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं, सारखं खाकरावंसं वाटतं. एकादशीला दिवसभर नुसता चहा आणि वर शेंगदाणे-साबुदाणा, मग तर विचारूच नका.

आणखी काही कारणं भराभर सांगतो. थायरॉईड मंद असलं की आवाज जाड होतो. दम्याचा पंप घेणाऱ्याने पंपानंतर चूळ भरली नाही तर घसा बसतो. क्षयरोग स्वरयंत्रातही होतो. म्हातारपणी स्वररज्जू बारीक होतात आणि आवाज चिरका, हवा सुटल्यासारखा होतो. कंपवातात आवाज हळू होत जातो, आणि घरच्यांना वाटतं बाबा मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतात.

एक कारण मात्र थांबून सांगायला हवं. स्वररज्जू हलवणारी डाव्या बाजूची नस मेंदूकडून निघते, मान ओलांडून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते. एवढा लांबचा वळसा असल्यामुळे छातीत गाठ झाली, तरी पहिली तक्रार आवाजाची येऊ शकते. थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये या नसेला धक्का लागला तरी आवाज जातो. म्हणजे रोग एकीकडे आणि घोगरेपणा दुसरीकडे, असं घडतं. नुसत्या आवाजावरून, बाहेरून, कारण सांगता येत नाही. आम्हालाही येत नाही. आत पाहावंच लागतं.

आत पाहायचं कसं

जिवंत माणसाचा गळा बोलताना आतून कसा दिसतो, हे नीट पाहून जगापुढे मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो होता गाणं शिकवणारा. मॅन्युएल गार्सिया हे त्याचं नाव, मूळचा स्पेनचा. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, वाफ धरू नये म्हणून तो कोमट पाण्यात गरम केला, घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वररज्जू उघडताना-मिटताना पाहिल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने ते मांडलं. त्याची शंभरी १९०५ साली लंडनमध्ये मोठ्या सन्मानाने साजरी झाली. शताब्दीच्या मंडपात हे सांगायला आम्हाला विशेष बरं वाटतं, कारण आमच्या शास्त्राला वाट दाखवली ती एका गाणाऱ्याने.

तो आरसा आजही आमच्या टेबलावर असतो. डॉक्टर जीभ फडक्याने धरतात, आरसा टाळूपाशी नेतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. दोन मिनिटांचं काम. काहींना उलटीसारखं होतं, त्यांच्यासाठी नाकातून घालायची बारीक, लवचिक दुर्बीण असते. नाकात बधिरतेचं औषध मारलं की ती आत जाते. थोडी अडचण होते, दुखत नाही. पडद्यावर तुमच्या स्वररज्जू तुम्हालाही दिसतात. मोठ्या दवाखान्यात लुकलुकणाऱ्या दिव्याची एक तपासणी असते, तिला स्ट्रोबोस्कोपी म्हणतात. सेकंदाला शंभर वेळा हलणारी वस्तू डोळ्यांना दिसत नाही. दिवा त्याच गतीच्या जवळपास उघड-झाप केला की तीच हालचाल संथ भासते. घडी कुठे ताठर झाली आहे, हे त्यात कळतं.

त्याआधी आम्ही विचारतो आणि ऐकतो. किती दिवस झाले? सकाळी जास्त की संध्याकाळी? गिळताना त्रास? दम? कोणता धंदा? बिडी, तंबाखू, दारू? इथे लाजून खोटं बोलू नका. आम्ही तिथे कुणाच्या भक्तीची परीक्षा घ्यायला बसलेलो नसतो.

घरी करून पाहायची एक खूण सांगतो. छातीभर श्वास घ्या आणि साध्या आवाजात एका दमात ‘आ’ लावा. निरोगी मोठ्या माणसाचा ‘आ’ साधारण पंधरा सेकंद किंवा जास्त टिकतो. रोज गाणारा माणूस आठ-नऊ सेकंदांतच थांबायला लागला, तर हवा कुठेतरी वाया जाते आहे असं समजा. एवढ्यावरून रोगाचं नाव कळत नाही. दाखवायला हवं, एवढं मात्र कळतं.

उपचार काय

घट्ट्यांसारख्या गाठींना बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, आवाजाचे व्यायाम लागतात. ओठ मिटून गुणगुणणे, ओठ फुरफुरवत सूर लावणे, पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत सूर धरणे. हा पोरखेळ वाटतो, पण त्यामुळे स्वररज्जू एकमेकींवर हाणामारी न करता थरथरायला शिकतात. साधारण दीड-दोन महिने रोज करावं लागतं. ज्याने ताण द्यायची सवय सोडली नाही त्याची गाठ कापली, तरी ती परत येते.

पॉलिपला किंवा आतल्या पाण्याच्या गाठीला दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. बाहेरून कुठेही चिरा नसतो. नंतर काही दिवस मौन. पित्त असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, उशाकडची बाजू उंच, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. नस गेलेली असेल तर सैल पडलेली स्वररज्जू मधे सरकवता येते, आवाज पुष्कळ परत येतो. म्हातारपणच्या आवाजालाही व्यायामाने जोर येतो. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

आता ज्याच्यासाठी तीन आठवडे मोजायचे ते

स्वररज्जूचा कर्करोग. नाव घ्यायला जड वाटतं, पण घेतलं पाहिजे.

या रोगाची एक चांगली गोष्ट आहे. पोटातला किंवा फुप्फुसातला रोग बराच काळ गप्प बसतो. स्वररज्जूवरचा रोग ज्वारीच्या दाण्याएवढा असतानाच आवाज बदलतो. तो स्वतः हाक मारतो. शिवाय स्वररज्जूत रस वाहून नेणाऱ्या वाहिन्या फार कमी असल्यामुळे तो मानेत लवकर पसरत नाही. म्हणून सुरुवातीला सापडला तर किरणोपचाराने, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक देणे’ म्हणतात त्याने, किंवा लेझरने दहापैकी साधारण नऊ जण बरे होतात, आणि स्वतःच्या गळ्याने बोलत राहतात.

हीच हाक आपण ऐकत नाही, आणि वारकऱ्याच्या बाबतीत ती ऐकू न येण्याचं कारण फार प्रेमाचं आहे. घोगरा आवाज आपल्याकडे भजनाची खूण समजतात. ‘बुवांचा आवाज बसलाय, काल जागर झाला ना!’ असं कौतुकाने म्हणतात.

आमच्याकडे दोन माणसं आली होती. दोघंही साठीच्या आसपासची, दोघंही माळकरी, दोघांनाही बिडीची सवय जुनी. एकाच्या सुनेला मोबाईलवर बोलताना सासऱ्यांचा आवाज वेगळा वाटला. तिने पाचव्या आठवड्यात त्यांना आणलं. एका स्वररज्जूवर पांढरा चट्टा होता. तुकडा तपासला, रोग होता, अगदी सुरुवातीचा. सुमारे सहा आठवडे शेक झाले. पुढच्या वर्षी ते दिंडीत चालले, चालसुद्धा म्हटली.

दुसरे टाळकरी बाबा पाच महिन्यांनी आले. त्या पाच महिन्यांत त्यांनी काढा घेतला, खडीसाखर चघळली, मेडिकलच्या गोळ्या खाल्ल्या, आणि आषाढी-कार्तिकी दोन्ही केल्या. आले तेव्हा श्वास घेताना घुर्र आवाज येत होता. स्वररज्जू हलायची थांबली होती. जीव वाचवायला अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं. ते आज आहेत, चालते-फिरते आहेत. पण त्या गळ्यातून पुन्हा सूर निघाला नाही.

रोग एकच. फरक फक्त दिवसांचा.

आणि तंबाखूबद्दल बोलायचंच आहे, राग मानू नका. माळ घालताना आपण मांसाहार सोडतो, दारू सोडतो. डबी मात्र कनवटीला राहते. बिडी-सिगारेटचा धूर सरळ स्वररज्जूंवरून जातो. या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तोच आहे, आणि सोबत दारू असेल तर धोका कितीतरी पटीने वाढतो. मिश्री, तंबाखू-चुना आणि गुटखा मुख्यतः तोंड आणि अन्नाची वाट धरतात. माउलींनो, मिश्री दात घासायची वस्तू नाही, ती भाजलेली तंबाखूच आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो, म्हणजे साठाव्या वर्षी सोडली तरी फायदा आहे. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६.

आवाजाबरोबर यांतलं काहीही असेल तर तीन आठवडेही थांबू नका: गिळताना अडकणं, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, एकाच कानात दुखणं आणि कानात मात्र काही न सापडणं, कारण नसताना वजन उतरणं. अन्नाच्या वाटेवरचा रोग आवाज उशिरा बदलतो, तो आधी या खुणा दाखवतो. आणि श्वास घेताना आवाज येत असेल, तर त्याच घटकेला गाडी काढा.

वारीत गळा कसा राखायचा

काकड्याची सुरुवात खालच्या सुरात करा. झोपेतून उठलेला गळा थंड असतो. पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग चाल उचला.

दिवे घाट चढताना पायांनाही दम लागतो आणि गाण्यालाही. तोंडाने श्वास, वर धूळ, त्यामुळे गळा कोरडा पडतो. घाटात दोन रांगांनी आळीपाळीने म्हणावं. एक रांग म्हणेल तेव्हा दुसरीने नुसता टाळ धरावा. कीर्तनात महाराज थांबले की मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, ती रीत आपल्याकडे आधीपासून आहेच. तीच वाटचालीत आणायची.

शेजारचा जोरात म्हणतो म्हणून आपण आणखी जोरात म्हणतो. हा माणसाचा स्वभावच आहे. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली तो लिहून ठेवला आहे. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की समजावं, आता गळा ओरबाडतोय. माईक असेल तर तोंडाजवळ धरा आणि एक स्पीकर गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवा. सगळ्यांना एकाच पट्टीत ओढू नका. माउलींना किंवा वयस्करांना पट्टी जमत नसेल, तर एक स्वर खाली घेतला म्हणून पांडुरंग रुसत नाही.

दिवसभर थोडं-थोडं पाणी प्या, एकादशीलाही. आणि आवाज बसला त्या दिवशी विणेकऱ्याने वीणा घ्यावी, चालावं, पण म्हणणं दुसऱ्याकडे द्यावं. दोन दिवस गप्प राहणं हीसुद्धा सेवाच.

चिठ्ठ्यांवर आलेले प्रश्न

खडीसाखर, मध, ज्येष्ठमध यांनी आवाज सुटतो का? घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, खोकल्याची उबळ कमी होते. पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वररज्जूंना लागत नाही. लागली असती तर ठसका लागून जीव घाबरला असता. पाणी पोटात जाऊन, रक्तातून फिरून मग गळ्याला ओल देतं, त्याला वेळ लागतो. वाफ मात्र थेट पोचते. भांडं जपून धरा, भाजून घेऊ नका. ज्येष्ठमध फार खाल्लं तर रक्तदाब वाढतो. बीपीवाल्यांनी सांभाळा.

आवाज बसल्यावर कुजबुजत बोललं तर चालतं का? जोर लावून कुजबुजण्याने गळा आणखी आवळतो. थोडकं बोला, पण साध्या हलक्या आवाजात. सारखं खाकरूही नका. दर खाकरण्याला स्वररज्जू एकमेकींवर आदळतात. घोटभर पाणी प्या.

तुकडा काढला की रोग पसरतो का? नाही. ही भीती गावोगाव आहे आणि तिने माणसं गमावली आहेत. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता हे ठरत नाही, आणि ठरल्याशिवाय उपचार सुरू होत नाही. रोग वाढतो तो थांबण्यामुळे. तुकडा काढल्यावर घरच्यांनी घाबरून सहा महिने घरी ठेवलं, तर दोष तुकड्याला जातो आणि सहा महिने मोकळे सुटतात.

खर्च कसा करायचा? आरसा घालून तपासणी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होते. कर्करोगाचे बरेच उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून हेच काम करतं आहे.

ज्याचं स्वरयंत्र काढलं, त्याने पुढे काय करायचं? हा प्रश्न ज्याने लिहिला त्याला आमचा नमस्कार. अशा माणसाचा श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो. बोलता येतं: छिद्रात बसवलेल्या छोट्या झडपेने, किंवा गळ्याला लावायच्या यंत्राने, किंवा अन्ननलिकेतून हवा काढून. शिकावं लागतं, पण घरच्यांना समजेल असं बोलतात. तो वारीला येऊ शकतो. छिद्रावर धुळीसाठी ओलसर कापड हवं. चंद्रभागेत बुडी मात्र मारायची नाही, पाणी सरळ फुप्फुसात जातं. काठावर बसून तांब्याने अंग धुवावं, मान कोरडी ठेवावी. गर्दीत त्याला हाक मारता येत नाही, तोंडाने शिट्टीही वाजत नाही, म्हणून हातात टाळ ठेवावा आणि सोबत एक माणूस ठेवावा. बेशुद्ध पडला तर श्वास मानेतून द्यायचा, हे दिंडीतल्या दोघा-चौघांना माहीत हवं.

शेवटचं मागणं

मंडळी, दिंडीकडे आमचं तिघं मिळून मागणं आहे असं समजा: डॉक्टरांचं, उपचारतज्ज्ञांचं आणि ज्यांना आम्ही उशिरा पाहिलं त्या माणसांचं.

काल्याच्या दिवशी, निरोप घेण्याआधी, विणेकरी बुवांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा: कुणाचा आवाज अजून बसलेला आहे? जो हात वर करेल त्याचं नाव दिंडीच्या वहीत लिहावं आणि आठ दिवसांत त्याला दवाखान्यात नेणारा माणूस तिथेच नेमावा. पन्नास जणांत एखादाच हात वर होईल, आणि त्या एखाद्याचंही बहुधा काहीच निघणार नाही. काही निघालंच, तर वेळेत निघेल.

आणि ज्याचा आवाज गेला, त्याची रांगेतली जागा जाऊ देऊ नका. टाळ हाताने वाजतो, पाऊल पायाने पडतं, आणि नाम घ्यायला गळा लागतोच असं नाही, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं. त्याला पाठीमागे सामानाच्या ट्रकजवळ बसवू नका. होता तिथेच, त्याच्या जोडीदाराशेजारी उभा करा.

दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना प्रत्येकाचा गळा मोकळा राहो, एवढंच पांडुरंगाच्या चरणी मागणं. आता आम्ही थांबतो. हरिपाठाची वेळ झाली आहे. सुरुवात खालच्या सुरात करा.

रामकृष्ण हरी!